धुरजड, उलाळ आणि ट्रॅक्टरची पुढची चाके

बैलगाडी भरणाऱ्याच्या तोंडी दोन शब्द हमखास असतात. ओझे पुढे जास्त झाले की गाडी ‘धुरजड’ होते आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मागे जास्त झाले की ती ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते आणि मानेखालचा पट्टा गळ्याला काचतो. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला तरी प्रश्न तोच आहे. फरक इतकाच, की बैल अडून बसतो, ट्रॅक्टर बसत नाही.

कांद्याच्या हंगामात लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजाराकडे जाणारी दोनचाकी ट्रॉली पाहा. तिच्या ओझ्याचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेला असतो. किती? सोयीचे आकडे धरू. भरलेली ट्रॉली ४००० किलो, हुकापासून तिच्या आसापर्यंत अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे. आसाला टेकू मानला तर ४००० × ०.३ = हुकावरचा भार × ३. म्हणजे हुकावर ४०० किलो.

आता ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. दोन्ही आसांत २ मीटर अंतर आणि हूक मागच्या आसाच्या ७५ सेंटिमीटर मागे. मागच्या चाकांवर किती भार वाढेल, असे वर्गात विचारा. बहुतेक जण ४०० म्हणतील. पण मागचा आस इथे टेकू आहे. हुकावर दाब पडला की पुढचे टोक उचलू पाहते: ४०० × ०.७५ ÷ २ = १५० किलो. पुढे ६५० उरले आणि मागे ५५० वाढले!

चढावर ट्रॉलीची ओढ याच दिशेने भर घालते. पुढची चाके जमिनीवर जेमतेम टेकतात. सुकाणू फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच जातो, कारण वळवणारे घर्षण दाबावर अवलंबून असते. ओढण्याचा दोर किंवा साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधणे तर जिवावर बेतते. तिथून ओढ लागली की ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालकाला उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही.

मग ओझे मागे सरकवावे? तर गाडी उलाळ. हूक वर खेचला जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि वेगात ट्रॉलीचे शेपूट झोके घेऊ लागते. हे झोके विरण्याऐवजी वाढत जातात. अमेरिकेत मोटारीमागे चाकांवरचे घर ओढून सहलीला जाणारे लोक म्हणूनच ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग हुकावर ठेवतात. पण तेवढ्याने मोटारीचे मागचे टोक बसते, नाक वर होते.

त्यावर त्यांनी भार वाटून देणारा जोड वापरला. हुकापासून मागे, ट्रेलरच्या दांड्याखाली, पोलादी स्प्रिंगसारख्या दोन पट्ट्या जातात आणि साखळ्यांनी वर ताणून बांधतात. एकचाकी ढकलगाडीचे दांडे उचलावेत तसा हा प्रकार: मोटारीचे मागचे टोक उचलले जाते, पुढचे दाबले जाते. आपल्या आकड्यांना तो जोड लावला, तर पुढच्या चाकांवर पुन्हा ८०० किलो येतात, मागे १७५० चे १५२० होतात आणि ट्रॉलीच्या आसावर ३६०० चे ३६८०. बेरीज आधीही ६००० होती, आताही ६०००. वजन कुठेच गेलेले नाही. म्हणून हा जोड लावून जास्त माल भरता येत नाही, आणि चुकीची भरलेली गाडीही त्याने सुधारत नाही.

ट्रॅक्टरला साधा उपाय आहे: नाकावर लोखंडी वजने. ती पुढच्या आसाच्या ५० सेंटिमीटर पुढे टांगली, तर १२० किलोच पुरतात, कारण १२० × २.५ ÷ २ = १५०. ज्या तरफेने घात केला, तीच इथे कामाला येते. पुढची दोन चाके दांड्यासह वळणाऱ्या चारचाकी ट्रॉलीचा तर हुकावर जवळजवळ भारच येत नाही. मात्र मागे घेताना ती चालकाचा अंत पाहते.

वर्गात करायला एक पट्टी, पेन्सिल, नाणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. पट्टीखाली मध्याच्या थोडी मागे पेन्सिल ठेवा, पुढचे टोक काट्यावर टेकवा आणि नाणी एकेक सेंटिमीटर मागे सरकवत काटा वाचा. पट्टी कुठे उलाळ होते, ते आधी गणिताने काढायला सांगा.