हळदी-कुंकू बदकाचं पंचांग

दिवाळीनंतर तलवार बदकं आणि थापट्या मराठवाड्यातल्या तलावांवर उतरतात, तेव्हा त्यांची वीण केव्हाच आटोपलेली असते. ती होते दूर उत्तरेत, मे-जूनमध्ये. आपल्या हळदी-कुंकू बदकाची, अडईची आणि नकट्याची गोष्ट वेगळी. त्यांची पिल्लं पावसाळ्यात इथेच वाढतात आणि नेमकी तीच कुणाच्या फारशी नजरेत येत नाहीत.

यामागे जुनं कारण आहे. १८७०च्या दशकात ए. ओ. ह्यूम यांनी भारतीय पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर ग्रंथ लिहिला. मात्र साहेबलोकांचा बदकांशी संबंध मुख्यतः बंदुकीचा, आणि शिकार हिवाळ्यातली. ऐन श्रावणात मराठवाड्यातल्या कंधारच्या काळ्या मातीचा चिखल तुडवत घरटी शोधणार कोण? पुढे १९३०च्या दशकात सालिम अलींचं हैदराबाद संस्थानाचं पक्षी-सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. कंधार तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं.

पण विणीची वेळ झाली हे बदकांना कळतं कसं? त्याच दशकात फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ झाक बन्वा यांनी पाळीव बदकांना कृत्रिम उजेडात जास्त वेळ ठेवलं. त्यांच्या जननग्रंथी अवेळी वाढल्या, डोळ्यांवाटे उजेड जात नसतानाही! पक्ष्याचा मेंदूच दिवसाची लांबी ओळखतो, हे त्यातून पुढे आलं. साठाव्या अक्षांशावर उन्हाळ्यातला दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो आणि हिवाळ्यातला सहाच्याही आत. कंधारला हा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. तेवढ्यावर अंडी घालण्याचा मुहूर्त ठरत असेल, असं मला वाटत नाही.

उलगड्याच्या जवळ नेलं ते ऑस्ट्रेलियाने. तिथल्या बेभरवशाच्या पावसाच्या प्रदेशात एच. जे. फ्रिथ यांनी १९५०च्या दशकात रानबदकांचा अभ्यास केला. काही बदकांची वीण तारखेपेक्षा पाण्याच्या चढत्या पातळीशी बांधलेली दिसली. पाणी नव्या जमिनीवर पसरलं, की पिल्लांना लागणारे किडे वाढतात.

मराठवाड्यालाही हे लागू पडावं. पुस्तकात हळदी-कुंकू बदकाची वीण साधारण जुलै ते ऑक्टोबर अशी सापडते. पण इथे कधी मृग कोरडा जातो, आणि कधी सप्टेंबरात एकदम तळी भरतात. अंडी उबायला सुमारे चोवीस दिवस, नंतर पिल्लं उडेपर्यंत काही आठवडे पाणी टिकायला हवं. २०१६च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा आटलेल्या तळ्यांत बदकांनी काय केलं असेल? इथल्या विणीच्या नोंदीत तारखेशेजारी तळ्याची पातळीही लिहायला हवी. कंधारच्या जगत्तुंग सागरासारखा राष्ट्रकूटकालीन तलाव समोर असताना ते काही अवघड नाही.