ब्रेकमधली हवा आणि हौशी मेकॅनिक

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की गप्पा इंजिनाच्या अश्वशक्तीभोवती रंगतात. ब्रेककडे लक्ष जाते ते पेडल मऊ लागू लागल्यावरच. खडवलीसारख्या ठिकाणी घरापुढे मोकळी जागा आणि रविवारची सवड असलेल्या हौशी मालकाला हे काम स्वतःच करावेसे वाटणे स्वाभाविक आहे. चाक उतरवायचे, कॅलिपरचे बोल्ट सोडवायचे, जुने पॅड काढून नवे बसवायचे. वरवर पाहता यात अवघड काहीच नसते.

पहिली अडचण बहुधा मागच्या चाकापाशी येते. ज्या गाड्यांत हँडब्रेकची यंत्रणा मागच्या कॅलिपरमध्येच असते, त्यांपैकी अनेकींत पिस्टन नुसता दाबून आत जात नाही. तो फिरवत आत न्यावा लागतो. हे ठाऊक नसलेला माणूस शिकंज्याने जोर लावतो आणि आतली यंत्रणा मोडतो. दुसरी अडचण हवा काढण्याच्या निपलची. हा पोकळ, नाजूक बोल्ट कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या पावसात, त्यातही भातसा नदीकाठच्या दमट हवेत, गंजून घट्ट बसतो. साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात, जोर वाढवला तर तो तुटतो आणि दोन तासांच्या कामाला दोन आठवडे लागतात.

खरा मनस्ताप मात्र हवेचा. ब्रेक ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचत नाही. एक जण पेडल दाबतो, दुसरा निपल उघडतो, बाटलीभर ऑइल संपते, तरी पेडल मऊच. अशा वेळी कॅलिपर डावे-उजवे तर बसले नाहीत ना, हे आधी पाहावे. बुडबुडा वर चढतो. निपल खालच्या बाजूला गेले असेल तर तो कितीही वेळ पंप केले तरी बाहेर येणार नाही. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबण्याचा उत्साहही महागात पडतो. मास्टर सिलिंडरचा एरवी न वापरला जाणारा भाग गंजलेला असतो आणि त्यावर घासून रबरी सील फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. ‘डॉट ४’ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की हा फरक जाणवतो, कारण उकळलेल्या ऑइलची वाफही हवेसारखीच दाबली जाते. गेल्या पावसाळ्यात उघडलेली अर्धी बाटली म्हणूनच वापरू नये. ‘डॉट ५’ आणि ‘डॉट ५.१’ ही नावे सारखी वाटली तरी पहिले सिलिकोनचे आहे आणि ते इतरांत मिसळता येत नाही. नाव ठेवणाऱ्याने ग्राहकाचा विचार केलेला दिसत नाही.

सुट्या भागांची कथा वेगळीच. नळीच्या सांध्यातले तांब्याचे वॉशर दरवेळी नवे घालावे लागतात आणि तेच नेमके आणायचे राहते. मग टिटवाळा, आंबिवली, शहाड करत लोकलने कल्याण गाठायचे. रविवार असल्याने तिथेही दुकान उघडे मिळेलच असे नाही. गोव्यात तयार झालेली ‘सॅन स्टॉर्म’ किंवा दिलीप छाब्रिया यांची, २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात झळकलेली ‘अवंती’ अशा मोजक्या संख्येने निघालेल्या गाड्यांचे मालक तर आणखी अडचणीत. दोन्हींची इंजिने रेनोची, म्हणून निदान त्यांचा माग लागतो. ब्रेकचा भाग मात्र जुना नमुना हातात घेऊन दुकानोदुकानी जुळवून पाहण्याची वेळ येऊ शकते.

सगळे जुळल्यावरही एक चकवा उरतोच. पेडल दाबून ठेवून इंजिन सुरू केले की ते किंचित खाली जाते. तो बूस्टरचा परिणाम. अनेक जण त्याला हवा समजून पुन्हा निपल उघडतात. परंतु जोर कायम ठेवूनही पेडल पुढे हळूहळू तळाकडे सरकतच राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे. तेव्हा गाडी अंगणातच ठेवून मेकॅनिकला घरी बोलवावे.