एक रेघ, एक तडा

फोटो फ्रेमच्या दुकानात मागच्या भिंतीला काचेच्या मोठ्या शीट टेकवून ठेवलेल्या असतात. त्यांच्या पायाशी, बहुधा टेबलाखाली, उरलेल्या तुकड्यांचं एक खोकं असतं. दीड इंच रुंदीच्या पट्ट्या, तळहाताएवढे चौकोन, कोपरा गेलेला आरसा. दुकानदाराच्या हिशेबात ती घट असते. पण कुणाला कॅलिडोस्कोप करायचा असतो, कुणाला बाहुलीघराच्या खिडक्यांना खरी तावदानं बसवायची असतात, कुणाला जुन्या चौकोनी दिव्याची फुटलेली बाजू बदलायची असते. अशा माणसासाठी गावात या खोक्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

काचेचा घाऊक व्यापार चौरस फुटांवर चालतो. तिथे दोन बाय तीन इंचांचा तुकडा मागणाऱ्याला देण्यासारखं काही नसतं. घरपोच मागवावी, तर काचेपेक्षा तिच्या वेष्टनाला जास्त पैसे पडतात. फ्रेमवाल्याचं सगळं कामच छोट्या मापांचं. तो वापरतो ती काच साधारण 2 मिलिमीटर जाडीची, आणि हौशी कामाला हीच जाडी सगळ्यात सोयीची. खिडकीची 4 किंवा 5 मिलिमीटरची काच हाताला भरभक्कम लागते, पण लहान तुकड्यात ती मोडायला अवघड जाते. दुकानात जाताना तोंडी माप सांगू नका, पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. काच खाचेत बसवायची असेल तर नमुना एक-दोन मिलिमीटर लहानच ठेवा, कारण काच तासून बसवता येत नाही. आणि तुकडा फुकट मागू नये. कापणावळ द्यावी, शेजारी उभं राहून त्या माणसाचा हात बघावा. ही विद्या पुस्तकापेक्षा डोळ्यांनी आणि कानांनी लवकर येते.

दुसरी जागा म्हणजे शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणारं दुकान. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी साधारण 75 बाय 25 मिलिमीटरची आणि जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. स्वच्छ, सपाट आणि आयती कापलेली. तीन पट्ट्या त्रिकोणात जोडून बाहेरून काळा कागद गुंडाळला की पारा न लावताही कॅलिडोस्कोप तयार होतो. तिरक्या कोनातून येणारा प्रकाश साधी काचही आरशासारखा परतवते. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने हे यंत्र 1816 मध्ये शोधलं, तेव्हापासून त्याचा गाभा काचेच्या अरुंद पट्ट्या हाच आहे.

तिसरी एक जागा आहे, पण तिथे हात घालू नका असंच मी सांगेन. जुन्या फोटोस्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह प्लेटा पातळ आणि सुरेख असतात. त्यांच्यावरचा थर खरवडून हौशी लोक ती काच वापरत आले आहेत. त्या थरात कुणाचे तरी आजी-आजोबा आहेत, एखादा पाडलेला वाडा आहे. काच दुसरी मिळेल.

हाती आलेली प्रत्येक काच कापता येतेच असं नाही. मोटारीच्या बाजूच्या खिडक्या, शॉवरची दारं, टीपॉयचे बरेचसे माथे टफन केलेले असतात. असली काच तापवून झपाट्याने थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. कटरची चीर त्या ताणापर्यंत पोहोचली की सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी विखुरते. ती कापायची ती टफन करण्याआधीच. कोपऱ्यात छोटा शिक्का कोरलेला दिसला तर तो तुकडा बाजूला ठेवावा.

साध्या काचेवर कटर फक्त एक चीर पाडतो, तुकडा वेगळा होतो तो तड्यामुळे. तडा नेमका कसा वागतो हे इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथने 1921 मध्ये मांडलं. काचेच्या अणूंमधले बंध पाहता ती प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा कितीतरी मजबूत असायला हवी. ती कमजोर ठरते ती पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरांमुळे. ताण दिला की तो सगळा चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि तिथून तडा धावत सुटतो. कारागीर हाच दोष आपल्याला हवा तिथे मुद्दाम निर्माण करतो. काचेची कमजोरी कुठे असावी हे तो ठरवतो, बाकीचं काम काच स्वतः करते.

पूर्वी ही चीर हिरकणीने पाडत. लाकडी दांड्याच्या टोकाला बसवलेला हिऱ्याचा कण हे काचकाम करणाऱ्यांचं जपलेलं हत्यार होतं. प्रत्येक हिरकणीचा कल वेगळा, म्हणून ती सहसा कुणी दुसऱ्याच्या हातात देत नसे. हिऱ्याची कुठलीही धार चालत नाही, असं वुलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1816 मध्येच दाखवलं होतं. किंचित वक्र असलेली नैसर्गिक कडाच स्वच्छ चीर पाडते, तुटलेलं टोक नुसतं ओरबाडतं. मग 1869 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल मॉन्सने पोलादी चाकाच्या कटरचं पेटंट घेतलं, आणि सामान्य माणसाला परवडेल असं हत्यार आलं. आज चाक टंगस्टन कार्बाइडचं असतं, मसुराच्या दाण्याहूनही लहान. चांगल्या कटरच्या दांड्यात तेल भरता येतं आणि ते चाकाशी झिरपत राहतं. जाड काचेसाठी बोथट कोनाचं चाक लागतं, पातळ काचेसाठी धारदार. हार्डवेअरच्या दुकानातला सहा चाकांचा स्वस्त कटर शिकायला पुरतो, पण पुढे काम करत राहायचं असेल तर तेलाचा कटर घ्यावा. माझ्या मते या छंदात पैसे खर्च करण्यासारखी वस्तू तेवढी एकच.

आता प्रत्यक्ष कृती. सपाट टेबलावर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या अंथरा. काच पुसून कोरडी करा, कारण धुळीच्या कणावर चाक उडी मारतं आणि तिथे चीर तुटते. पट्टी घट्ट धरा, चाक तेलात बुडवा आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दाबाने, न थांबता रेघ ओढा. दाब योग्य असेल तर बारीक, सलग ‘चर्र’ असा आवाज येतो आणि रेघ केसासारखी दिसते. पांढरा भुगा उडाला तर दाब जास्त झाला. आवाज मधेच गेला तर तिथे चीर पडलेली नाही. तरीही त्या रेघेवरून पुन्हा चाक फिरवू नका. दुसऱ्या फेरीने पहिली चीर बिघडते, तडा कुठेही पळतो आणि चाकाची धारही जाते. उलट बाजूने नवी रेघ घ्यावी, नाहीतर तो तुकडा सोडून द्यावा.

रेघ झाली की लगेच मोडा. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे वर, मुठी खाली, आणि मनगटं बाहेर वळवत हलकेच वाकवा. पट्टी बोटांत मावत नसेल तर पकड वापरा. तडा दोन्ही बाजूंना सारखी काच असताना सरळ जातो, एक बाजू फार अरुंद असली की त्या बाजूला वळतो. म्हणून मोठ्या तुकड्याच्या कडेची चिंचोळी फीत काढण्यापेक्षा तो आधी निम्मा करावा, मग प्रत्येक भाग पुन्हा निम्मा. आरसा कापताना रेघ नेहमी काचेच्या बाजूने, पाऱ्याच्या बाजूने कधीच नाही. गोल आकार कापता येतो. मात्र वर्तुळापासून कडेपर्यंत आणखी चार-सहा रेघा मारून बाहेरची काच तुकड्या-तुकड्याने काढावी लागते. आतला काटकोन, म्हणजे इंग्रजी ‘एल’चा कोपरा, या पद्धतीने निघत नाही. त्या कोपऱ्यातून तडा सरळ पुढे जातो. नकाशा करतानाच तिथे दोन आयत जोडायचे असं ठरवून टाकावं.

कापलेली कड पात्यासारखी असते. पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून कडेवर हलके हात फिरवा, आधी जाड मग बारीक. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाणं वाईट. आणि पहिल्या रेघेपासून डोळ्यांना गॉगल हवाच.

हे सगळं आज घरबसल्या जमतं त्याचं श्रेय काचेलाही आहे. आपल्याकडे काचेची परंपरा जुनी. अंताजी दामोदर काळे यांच्या, लोकांकडून पैसा-पैसा जमवणाऱ्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे इथे 1908 मध्ये काच कारखाना निघाला. कराडजवळ ओगलेवाडीच्या ओगले बंधूंच्या कारखान्यातला प्रभाकर कंदील घराघरांत गेला. सपाट काच हे मात्र वेगळं तंत्र. जुन्या वाड्यांच्या तावदानांतून पाहिलं की समोरचं झाड लहरताना दिसतं, कारण ती काच ओढून काढलेली, जागोजागी कमी-जास्त जाडीची. अशी काच कापताना तडा हमखास फसवतो. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची पद्धत जाहीर केली आणि सर्वत्र सारख्या जाडीची काच स्वस्त झाली. तिला फ्लोट काच म्हणतात. भारतात ती 1990 च्या दशकात बनू लागली, आणि रायगड जिल्ह्यात तळोज्यालाही तिचा कारखाना आहे. फ्रेमवाल्याच्या खोक्यातला आजचा तुकडा बहुधा फ्लोटचाच असतो.

काचेच्या लहान तुकड्यावर मोठं काम उभं राहिल्याची उदाहरणं आसपासच आहेत. गुजरातमधल्या कपडवंजला कारागीर पातळ काचेचे फुगे फुंकतात, त्यांना आतून चकाकी देतात आणि फोडतात. त्या तुकड्यांमधून कात्रीने गोल टिकल्या कापल्या जातात, त्याच पुढे कच्छच्या भरतकामात आरसे म्हणून बसतात. आणि सिनेमा येण्याआधी, 1892 मध्ये, कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी काचेच्या छोट्या पट्ट्यांवर हाताने चित्रं रंगवून ‘शांबरिक खरोलिका’, म्हणजे जादूच्या कंदिलाचा खेळ, पडद्यावर दाखवली. घरी कापलेल्या तुकड्यांवर काचरंगांनी असा प्रयोग आजही करता येईल. टॉर्च आणि एक भिंग पुरेल.

शेवटची विनंती कचऱ्याची. चुकलेले तुकडे आणि फुटलेल्या कडा ओल्या-सुक्या कचऱ्यात सुट्या टाकू नका. जाड कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या किंवा दादांच्या हातात सांगून द्या. पुडकं बांधण्याआधी टेबल ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकंही त्यातच घाला.