सातवीचा वाघ

सकाळी ९. शाळा भरायला अजून दोन तास आहेत. गोणपाटाखालची माती उघडून बघतो. शेताच्या बांधाजवळची ही चिकण माती चार दिवस भिजवली, तुडवली, खडे वेचले आणि तिच्यात थोडी बारीक वाळू घातली. नुसती चिकण माती वाळताना तडकते. बोटाएवढी वळी करून वाकवतो. चीर पडत नाही. माती तयार आहे.

११.३०. सातवीचा वर्ग व्हरांड्यात बसला आहे. पहिल्या वर्षी मातीची जनावरं करायला मी मुलांना सिंहाचं छापील चित्र दिलं होतं. सगळे सिंह एकाच चेहऱ्याचे झाले आणि एकही जिवंत वाटला नाही. आता विचारतो, ओहोळात, शेतात काय बघता? खेकडा, घोरपड, कोंबडा, रेडा! खेकड्याच्या नांग्यांपैकी एक मोठी असते, हे मला एका मुलीने शिकवलं. तिने पावसाळ्यात कितीतरी पकडलेत.

१२. माती मळणं. एका मुलाच्या हातांकडे बघतच राहिलो. तळव्याने रेटायची, दुमडायची, पुन्हा रेटायची. मी शिकवण्याआधीच त्याला ते येत होतं.

"कुठे शिकलास रे?"

"भट्टीवर, सर."

आमच्या जव्हार-मोखाड्यातली कितीतरी घरं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर मुलंही जातात. त्याच्या हातातलं कसब तिथलं आहे, आणि त्याची बुडालेली शाळाही तिथलीच.

२.३०. जेवणानंतर जोडकाम. पाय नुसते चिकटवले तर वाळल्यावर गळून पडतात. दोन्ही बाजू काडीने ओरखडायच्या, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. अंग बोटापेक्षा जाड नको. गेल्या वर्षी मी घाई केली, आतला ओलावा राहिला आणि भाजताना वाफेने तीन बैल फुटले. मुलं रडली. आता प्रत्येक जनावर दोऱ्याने मधोमध कापतो, चमच्याने पोकळ करतो, पुन्हा जोडतो आणि पोटाखाली भोक ठेवतो.

पोकळ करताना मुलांना इनामगावची गोष्ट सांगितली. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुना मातीचा बैल सापडला. त्याच्या पाठीला भोक होतं; काडी खोचून वर मातीची देवी बसवायची. "म्हणजे आपल्यासारखीच पोरं असतील," कुणीतरी म्हणालं. असतीलही.

भट्टीवरच्या मुलाने वाघ केला. परवा वाघबारस आहे, वाघदेवाच्या पूजेचा दिवस. लाकडावर कोरून शेंदूर फासलेला वाघदेव त्याने लहानपणापासून पाहिला आहे. पण त्याचा वाघ तसा नाही. तो बसला आहे, मान वळवून मागे बघतो आहे. कोण येतंय, असं. इतकी बरोबर मान मला करता आली नसती.

४.३०. सगळी जनावरं सावलीत, फळ्यांवर ठेवली. उन्हात ठेवली तर वरून सुकून चिरतील. पंधरा दिवसांनी शेण्या आणि भाताच्या तुसात भाजू, असं मी सांगितलं.

"सर, तवर आम्ही गेलेलो असू," तो म्हणाला आणि वाघावर ओलं फडकं टाकायला लागला.

६. त्याच्या पाड्यावर निघालो आहे. त्याची आजी भट्टीवर जात नाही, गावातच राहते. पोराला या वर्षी तिच्यापाशी ठेवा, एवढंच सांगायचं आहे.