गेम कन्सोलला ब्लूटूथ स्पीकर: आवाज येतो, पण उशिरा का येतो?

या भागात जे बोललो ते इथे लिहून ठेवतोय, कारण कुठली वायर कुठे लावायची हे ऐकताना छान कळतं आणि टीव्हीच्या मागे मान घातली की नेमकं विसरायला होतं. बोलताना मी जे "म्हणजे... म्हणजे..." करत बसतो, तेवढं काढून टाकलंय.

विषय साधा आहे. घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे, मोबाइलवर गाणी ऐकायला घेतलेला ब्लूटूथ स्पीकर आहे, आणि दोघांची गाठ घालून द्यायची आहे. पाच मिनिटांचं काम. मलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या दिवाळीला मी सांगलीला मामाकडे गेलो, तेव्हा मामेभावासाठी एक बरा ब्लूटूथ स्पीकर घेऊन गेलो होतो. पोरगा अकरावीत आहे. त्याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. अंधार पडला की फारच कमी दिसतं आणि दिवसाउजेडीसुद्धा नजरेसमोरचा एक छोटा गोल तेवढा दिसतो, आजूबाजूचं काही नाही. तरी पठ्ठ्या प्लेस्टेशन ५ वर 'स्ट्रीट फायटर ६' खेळतो, आणि बराचसा कानाने खेळतो. २०२३ साली आलेल्या या गेममध्ये त्यासाठी मुद्दाम सोय केलेली आहे. समोरचा जवळ आला की लांब गेला, मार वरून बसला की खालून, अशा गोष्टींसाठी वेगवेगळे आवाज चालू करता येतात. टीव्हीचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होता, म्हणून मी म्हटलं, याला मस्त स्पीकर देऊ.

पहिला धक्का प्लेस्टेशननेच दिला. सेटिंगमध्ये ब्लूटूथ दिसतं, पण तिथून कंट्रोलर जोडता येतो, नेहमीचा ब्लूटूथ स्पीकर किंवा इअरबड नाही. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवरही ब्लूटूथ ऑडिओ नाही. त्यांचे कंट्रोलर आणि हेडसेट मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या वायरलेस पद्धतीने बोलतात. निन्टेंडो स्विच २०१७ मध्ये आला तेव्हा त्यातही ही सोय नव्हती, ती सप्टेंबर २०२१ च्या सॉफ्टवेअर अपडेटमध्ये आली. आली तीही अटींसकट: ब्लूटूथ ऑडिओ चालू असेल तर दोनच वायरलेस कंट्रोलर चालतात आणि माइक चालत नाही. कन्सोलवाले याबाबत इतके चिकट का, याचं उत्तर मला त्या अटींतच दिसतं. एकाच रेडिओवरून कंट्रोलरची बटणंही न्यायची आणि आवाजही न्यायचा. गर्दी झाली की कुणाला तरी थांबावं लागतं, आणि बटणाला थांबवून चालत नाही. हा माझा अंदाज आहे हं, कंपनीचं निवेदन नाही.

मग मी इंजिनिअरसारखा विचार केला आणि स्पीकर थेट टीव्हीला पेअर केला. मामाचा टीव्ही स्मार्ट आहे. साउंड आउटपुटमध्ये गेलो, ब्लूटूथ स्पीकर निवडला, आवाज घुमला, मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी खूश.

दोन मॅच खेळून पोरगा म्हणाला, "दादा, हा स्पीकर उशिरा सांगतोय."

मी म्हटलं, तुला भास होतोय, नवीन आहे ना, सवय होईल. मी स्वतः याच स्पीकरवर यूट्यूब बघतो, ओठ आणि शब्द बरोब्बर जुळतात. तो काही बोलला नाही. त्याने स्पीकर बंद केला आणि परत टीव्हीच्या डब्यावर खेळायला लागला. मला ते लागलं, खरं सांगतो. म्हणून रात्री मोजायला बसलो.

मोजायची पद्धत तुम्हीही करू शकता, मोबाइल पुरतो. कॅमेरा सेकंदाला ६० फ्रेमवर लावा आणि गेमच्या मेनूत बटण दाबून खालीवर करताना टीव्हीचा व्हिडिओ घ्या. मग एडिटिंगच्या कुठल्याही ॲपमध्ये तो उघडा. कर्सर कुठल्या फ्रेमला हलला आणि आवाजाची रेघ कुठे उसळली, हे बघून मधल्या फ्रेम मोजा. आधी टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर मोजा, मग ब्लूटूथवर. मोबाइलची स्वतःची थोडी चूक असेल तर ती दोन्हीकडे सारखीच येते, त्यामुळे वजाबाकी केली की खरा फरक हातात येतो. आमच्याकडे तो ११ फ्रेम आला, म्हणजे साधारण १८० मिलिसेकंद. (इथे भागात मी दोन्ही आवाज एकापाठोपाठ ऐकवले आहेत. हेडफोन लावून ऐका, लगेच कळेल.)

११ फ्रेम म्हणजे किती? स्ट्रीट फायटरचं सगळं गणित सेकंदाला ६० फ्रेमचं. त्यात 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा एक दणका आहे. बटण दाबल्यापासून तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे साधारण ४३० मिलिसेकंद. तेवढ्यात समोरच्याने ओळखून उत्तर द्यायचं. सुरू होताना त्याचा ठळक आवाज येतो आणि माझा भाऊ त्यावरच उत्तर देतो. २६ मधून ११ गेले, उरले १५. पाव सेकंद. त्यात ऐकायचं, ओळखायचं आणि बटण दाबायचं. डोळ्यांनी खेळणाऱ्याला हा उशीर फक्त खटकतो, कारण त्याला चित्र वेळेवर मिळालेलं असतं. याच्याकडून मात्र मी जवळपास निम्मा वेळ काढून घेतला होता, आणि वर सांगत होतो की तुला भास होतोय.

आता हा उशीर येतो कुठून? टीव्ही आवाजाचे बारीक तुकडे करतो, ते दाबून लहान करतो आणि रेडिओवर सोडतो. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात चालतं तिथे वाय-फाय आहे, शेजाऱ्यांचं वाय-फाय आहे, मायक्रोवेव्हसुद्धा आहे. एखादा तुकडा हरवला तर तो परत पाठवावा लागतो. तोपर्यंत आवाज तुटू नये म्हणून स्पीकर थोडा माल आधीच साठवून ठेवतो आणि त्यातून वाजवतो. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकी असते ना, अगदी तसं. नळाचं पाणी दिवसातून दोन तास येतं, पण टाकी असल्यामुळे घरात धार तुटत नाही. टाकी जितकी मोठी तितके आपण निर्धास्त, फक्त नळातून येणारं पाणी तितकंच जुनं. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर हे 'जुनेपण' सहसा १०० ते २५० मिलिसेकंदांत असतं.

आणि यूट्यूब का जुळतं? कारण तिथे पुढचं सगळं आधीच माहीत आहे. स्पीकर इतका उशीर करणार हे कळलं की ॲप चित्रालाही तेवढंच थांबवून ठेवतं, आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. गेममध्ये चित्र थांबवणार कसं? तुम्ही बटण दाबेपर्यंत पुढची फ्रेम अस्तित्वातच नसते. चित्र थांबवलं तर तुमचं बटणच उशिरा लागल्यासारखं वाटणार. म्हणून "सिनेमा तर मस्त चालतो" या पुराव्यावर गेमिंगसाठी स्पीकर घेऊ नका. मी घेतला होता.

टीव्हीत 'ऑडिओ डिले' किंवा 'एव्ही सिंक' असं एक सेटिंग सापडेल आणि तुम्हाला वाटेल, मिळालं औषध. बहुतेक टीव्हींत ते आवाज आणखी मागे ढकलण्यासाठी असतं. उशिरा येणाऱ्या आवाजाला ते पुढे आणू शकत नाही. आणि टीव्हीचा गेम मोड चालू केला की चित्र लवकर येतं, त्यामुळे आवाज उलट आणखी मागे पडल्यासारखा वाटतो. म्हणून गेम मोड बंद करायचा नाही, तो हवाच.

मग काय करायचं? तुम्ही काय खेळता त्यावर आहे. फुटबॉल मॅनेजर, शेतीचे गेम, बुद्धिबळ, असलं निवांत काही असेल तर टीव्हीला ब्लूटूथ स्पीकर जोडा आणि विषय संपवा. एक पैसा खर्च नाही.

मारामारी, शूटिंग, रेसिंग किंवा तालावर बटणं दाबायचे गेम असतील, तर सगळ्यात आधी तुमच्या स्पीकरच्या मागचं रबराचं झाकण उघडून बघा. ऑक्सचं गोल छिद्र आहे? मग तुमचं काम शे-दोनशे रुपयांच्या वायरमध्ये होतं. एक टोक स्पीकरला, दुसरं टीव्हीच्या हेडफोन जॅकला. टीव्हीला जॅक नसेल तर कंट्रोलरला लावा. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज, दोघांच्या कंट्रोलरला ३.५ मिलिमीटरचा जॅक असतो. प्लेस्टेशनवर सेटिंग, साउंड, ऑडिओ आउटपुट इथे जाऊन हेडफोनला 'सर्व ऑडिओ' निवडायचं, नाहीतर फक्त मित्रांच्या गप्पा ऐकू येतील. कंट्रोलरपासून कन्सोलपर्यंतचा प्रवास वायरलेसच असतो, पण तो त्या कंपन्यांनी गेमसाठीच बसवलेला असतो, टाकी लहान असते. हातातून वायर लोंबते, ते सहन करावं लागतं. अनेक नव्या स्पीकरमधून ऑक्सचं छिद्रच गायब झालंय आणि त्याला 'मॉडर्न डिझाइन' म्हणतात. असो.

ऑक्स नसेल तर यूएसबी ब्लूटूथ ट्रान्समीटर. इथे लोक हमखास फसतात, म्हणून नीट वाचा. कॉम्प्युटरसाठी मिळणारा छोटा ब्लूटूथ डोंगल आणि हा ट्रान्समीटर दिसायला सारखेच असतात. कॉम्प्युटरच्या डोंगलला त्याचं काम करून घेणारं सॉफ्टवेअर समोरच्या मशीनमध्ये लागतं, आणि प्लेस्टेशनमध्ये ते नाही. ट्रान्समीटरमध्ये ब्लूटूथचं सगळं डोकं आतच असतं. कन्सोलला वाटतं की कुणीतरी यूएसबी हेडसेट लावलाय. त्यामुळे खोक्यावर प्लेस्टेशन ५ किंवा स्विच असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. एक्सबॉक्सवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, तिथे साधे यूएसबी हेडसेट चालत नाहीत. आणि 'लो लेटन्सी' असं छापलं असेल तर तुमच्या स्पीकरच्या माहितीपत्रकातही तोच कोडेक आहे का बघा. ॲप्टएक्स लो लेटन्सीने उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो, पण दोन्ही टोकांना तो असला तरच. एका बाजूला नसेल तर दोघं गुपचूप जुन्या एसबीसीवर येतात, १८० मिलिसेकंद परत हजर, आणि तुमचे दोनेक हजार रुपये पाण्यात.

साउंडबारवाल्यांसाठी थोडक्यात: वायरलेस साउंडबारमध्ये बऱ्याचदा फक्त सबवूफर वायरलेस असतो. बार टीव्हीच्या 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच लावा आणि प्लेस्टेशनला साउंड सेटिंगमध्ये सांगा की साउंडबार आहे. बारला ब्लूटूथ आहे म्हणून ब्लूटूथने जोडू नका. एवढे पैसे खर्चून पुन्हा टाकीचं पाणी कशाला?

ब्लूटूथचीच नवी पिढी, एलई ऑडिओ, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यात उशीर बराच कमी करता येतो. पण त्यालाही दोन्ही टोकं नवी लागतात. आज स्पीकर घेत असाल तर हातात असलेल्या टीव्हीकडे बघून घ्या.

मामेभावाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या स्पीकरला ऑक्स होतं, वायर आणली, उशीर गेला. तरी साहेब समाधानी नव्हते. म्हणाला, "आता वेळेवर सांगतोय, पण कुठून ते सांगत नाही." बरोबर होतं त्याचं. एकच डबा समोर ठेवला की डावं-उजवं एकाच जागेवरून येतं, आणि समोरचा उडी मारून कुठल्या बाजूला उतरला हे त्याला त्यावरूनच कळतं. टीव्हीच्या डब्यात निदान दोन टोकांना दोन स्पीकर तरी होते! शेवटी कॉम्प्युटरला लावतात तसली वायरवाल्या छोट्या स्पीकरची जोडी आणली, टीव्हीच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर ठेवली आणि टीव्हीच्या हेडफोन जॅकला जोडली. माझ्या भेटीच्या स्पीकरच्या निम्म्याहून कमी किमतीत झालं.

तो स्पीकर आता स्वयंपाकघरात आहे, सकाळी मामी त्यावर अभंग लावते. आणि पोरगा मला पहिल्या पाचापैकी चार मॅच हरवतो. पाचवी तो मुद्दाम सोडतो असा मला संशय आहे.

तुमच्या घरी मोजून किती फ्रेम आले ते मला नक्की कळवा, टीव्हीचं आणि स्पीकरचं मॉडेल लिहायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.