श्रोत्याचे उत्तर

एखादे नवे यंत्र घरात आले की त्याच्याविषयीची मतेही त्याच्याबरोबर घरात येतात. नभोवाणीचा संच आला तेव्हा मुलांचे अभ्यासातील लक्ष उडेल, असे वडीलधाऱ्यांना वाटले. दूरचित्रवाणी आली तेव्हा डोळे बिघडतील, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाणे-येणे थांबेल, असे म्हटले गेले. आज मोबाइल फोनविषयी जवळजवळ त्याच शब्दांत बोलले जाते. गंमत अशी की, नवे यंत्र आले की आधीच्या यंत्राविषयीची तक्रार हळूहळू विरून जाते आणि तेच जुने यंत्र सुसंस्कृत काळाची आठवण म्हणून सांगितले जाऊ लागते.

एवढ्यावरून या तक्रारी पोकळ असतात असा निष्कर्ष काढणे मात्र योग्य होणार नाही. सामान्य माणसाच्या या रोजच्या मतांमागे एक खरा प्रश्न दडलेला असतो. यंत्र बोलते आणि माणूस ऐकतो. पण ऐकणाऱ्याला उत्तर द्यावयाचे असेल तर ते त्याने कसे द्यावे? भारतातील प्रसारणाचा इतिहास या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिला, तर श्रोत्याने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या मार्गांनी उत्तर दिले असल्याचे दिसून येते.

भारतात नियमित ध्वनिक्षेपणाची सुरुवात एका खाजगी कंपनीने केली. तिचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि कलकत्ता केंद्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाले. कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि प्रसारण सरकारकडे आले. १९३६ मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे रूढ झाले. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी भारताच्या वाट्याला अवघी सहा केंद्रे आली होती. संच महाग असे आणि तो बाळगण्यासाठी दरवर्षी शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. त्यामुळे पुष्कळांनी नभोवाणी प्रथम ऐकली ती स्वतःच्या घरी नव्हे, तर एखाद्या उपाहारगृहात, दुकानाच्या पायरीवर किंवा शेजाऱ्याच्या ओसरीवर. ऐकणे ही तेव्हा चारचौघांत करावयाची गोष्ट होती आणि ऐकलेल्या गोष्टीवर मत देणेही तिथल्या तिथे, चारचौघांतच घडत असे.

श्रोत्याच्या मताची पहिली मोठी कसोटी १९५२ मध्ये लागली. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेले केसकर शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. राजाश्रय संपल्यानंतर या संगीताला आधार देणे हे राष्ट्रीय नभोवाणीचे कर्तव्य आहे आणि चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडत चालली आहे, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यात आला. गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगण्यावरही बंधन आले. चित्रपट-निर्मात्यांशी वाद विकोपास गेला आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी यावर मोर्चे काढले नाहीत. त्यांनी फक्त संचाचे बटण फिरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी कोलंबो येथे उभारलेला शक्तिशाली प्रक्षेपक आता रेडिओ सिलोनकडे होता आणि लघुलहरींवरून त्याचे कार्यक्रम भारतभर ऐकू येत. १९५२ च्या अखेरीस तेथून ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. अमीन सयानी यांचे निवेदन आणि आठवड्यातील लोकप्रिय गीतांची क्रमवारी यांसाठी लोक घड्याळ लावून बसू लागले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही करमणूकप्रधान सेवा सुरू केली आणि चित्रपटगीतांना तीत मानाचे स्थान मिळाले. पुढे १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून या सेवेवर जाहिरातीही सुरू झाल्या.

ही घटना सामान्यतः सरकारी हट्टाचा पराभव म्हणून सांगितली जाते. तीत तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. बटण फिरवून श्रोत्याने ‘हे मला नको’ एवढेच सांगितले. आपल्याला काय हवे आणि का हवे, हे बटणाला सांगता येत नाही. केसकरांच्या काळातच सुरू झालेल्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमातून अनेक श्रोत्यांना थोर गायक-वादक प्रथम घरबसल्या ऐकावयास मिळाले, हेही तितकेच खरे आहे. एकाच घरात एकाच संचावर आठवड्यातून एकदा शास्त्रीय मैफल आणि एकदा गीतमाला ऐकली जात होती. बटणाच्या भाषेत हे दोन परस्परविरोधी कौल ठरतील. त्या कुटुंबाला मात्र त्यांत विरोध जाणवत नव्हता.

बटणापेक्षा थोडे अधिक बोलके उत्तर म्हणजे पोस्टकार्ड. फर्माइशीच्या कार्यक्रमांमुळे श्रोत्याचे नाव आणि गाव साऱ्या देशाला ऐकू जाऊ लागले. सध्याच्या झारखंड राज्यातील झुमरी तिलैया हे अभ्रकाच्या व्यवसायामुळे वाढलेले एक लहान शहर. तेथील हौशी श्रोत्यांनी इतक्या फर्माइशी पाठवल्या की, त्या गावाचे नाव घरोघरी पोहोचले. असे गाव खरोखर आहे की ते काल्पनिक आहे, असा प्रश्नही काहींना पडे. गीत कोणते लागते यापेक्षा आपले नाव उच्चारले जाते की नाही, याकडे पत्रलेखकांचे अधिक लक्ष असे. याला कोणी पोरकट हौस म्हणेल. परंतु ज्या गावाची दखल एरवी कोणी घेतली नसती, त्या गावाने ‘आम्हीही ऐकत आहोत’ असे देशाला कळवले होते.

मात्र पोस्टकार्ड हे एकेकट्या माणसाचे मत असते. अनेकांनी एकत्र बसून, विचार करून दिलेले उत्तर कसे असू शकते, याचा प्रयोग १९५६ मध्ये महाराष्ट्रात झाला. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने अहमदनगर, कोल्हापूर, उत्तर सातारा, पुणे व सोलापूर या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे, असे वीस कार्यक्रम दहा आठवड्यांत प्रसारित करण्यात आले. गावातील पंधरा-वीस मंडळी संचाभोवती जमत आणि कार्यक्रम संपल्यावर संच बंद करून त्यावर चर्चा करीत. मंडळाचा चिटणीस चर्चेची नोंद करून गावकऱ्यांच्या शंका केंद्राकडे पाठवी आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या मंडळांचे सूत्र होते.

टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना त्यांनी, ज्या गावांत संच होता पण मंडळ नव्हते अशा गावांशी आणि ज्या गावांत संचच नव्हता अशा गावांशीही केली. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा स्पष्टपणे अधिक भर पडली होती. म्हणजे नुसता संच पुरेसा नव्हता. संच बंद केल्यानंतर होणारे बोलणे अधिक मोलाचे ठरले. १९५९ पासून ही योजना देशभर राबवण्यात आली, पण पुण्याच्या प्रयोगातील जिव्हाळा आणि देखरेख सर्वत्र टिकली नाही. स्वस्त ट्रान्झिस्टर आले, संच ज्याच्या त्याच्या खिशात-पिशवीत गेला आणि एकत्र ऐकण्याची गरजच उरली नाही.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत हाच क्रम पुन्हा घडला. दिल्लीत तिचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. तेथेही संच सार्वजनिक जागी ठेवलेला असे आणि सारे गाव त्याच्यासमोर बसे. पुढे संच घरोघरी गेले आणि पाहणे कुटुंबापुरते मर्यादित झाले.

जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेने प्रेक्षकांच्या मताचा एक वेगळाच पैलू दाखवून दिला. कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा हे विषय कथेतून लोकांपुढे मांडावेत, असा तिचा हेतू होता. प्रत्येक भागाच्या अखेरीस अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. मालिका चालू असताना सुमारे चार लाख पत्रे आली. मालिकेतील भागवंती ही सारे निमूटपणे सोसणारी आई. असे सोसणे बरे नव्हे, हे तिच्या उदाहरणावरून कळावे, अशी योजना होती. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांना, आणि त्यांतही स्त्रियांना, तीच आदर्श वाटली! पडद्यावरून जे सांगितले जाते तेच प्रेक्षक घेतो, हा समज यावरून किती अपुरा आहे ते ध्यानात येते. प्रेक्षक आपल्या अनुभवाच्या कसोटीवर पाहतो आणि आपला अर्थ आपणच लावतो.

याउलट, १९९६-९७ मध्ये आकाशवाणीवरून ‘तिनका तिनका सुख’ ही श्रुतिकामालिका प्रसारित होत असताना उत्तर प्रदेशातील लुतसान या गावाने आगळेच उत्तर दिले. मालिकेतील हुंडाबळीची कथा ऐकून गावकऱ्यांनी आपापसांत चर्चा केली आणि हुंडा घेणार नाही व देणार नाही, अशा प्रतिज्ञेचे एक मोठे पत्र आकाशवाणीला पाठवले. त्यावर १८४ जणांच्या सह्या व अंगठे होते. त्या प्रतिज्ञेने गावातील हुंडा नाहीसा झाला, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु श्रोत्यांनी यंत्राला दिलेले हे उत्तर एकमेकांनाही दिलेले होते. शेजाऱ्याच्या अंगठ्याशेजारी आपला अंगठा उमटवणारा माणूस शेजाऱ्याला साक्षी ठेवत असतो.

१९९० नंतर तारेवरून अनेक वाहिन्या घरात आल्या. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवाही सुरू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत संच, पत्रपेटी, छायाचित्रक आणि चित्रपटगृह ही सारी एका हातात मावणाऱ्या फोनमध्ये सामावली.

या बदलामुळे मते कशी पालटतात, याचे एक बोलके उदाहरण म्हणजे ‘रामायण’ मालिका. जानेवारी १९८७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि लोक कामधाम सोडून पडद्यासमोर बसतात, अशी टीका होई. मार्च २०२० मध्ये साथीच्या टाळेबंदीत दूरदर्शनने तीच मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा सारे घर एकत्र बसत असे ते दिवस किती चांगले होते, असे अनेकांनी बोलून दाखवले. मालिकेत काहीच बदलले नव्हते. दरम्यान प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र पडदा आला होता आणि तेव्हा दोष वाटलेली गोष्ट आता हरवलेली वाटू लागली होती.

फोनने श्रोत्याला पूर्वी कधीही नव्हते इतके सामर्थ्य दिले, हे मान्य करावयास हवे. झुमरी तिलैयाच्या श्रोत्याला आपले नाव ऐकू येण्यासाठी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. आज खेड्यातील मुलगी स्वतःचे गाणे स्वतःच जगापुढे ठेवू शकते. पण याच यंत्राने बटणाचे उत्तर न मागताच टिपून घेण्यास सुरुवात केली आहे. काय पाहिले, किती वेळ पाहिले, कोठे सोडून दिले, याची नोंद आपोआप होते आणि तिच्या आधाराने पुढचे दृश्य समोर ठेवले जाते. माणूस आवडीने थांबला, संतापाने थांबला की झोप येत नाही म्हणून थांबला, हे ती नोंद खात्रीने सांगू शकत नाही. बटण फिरवणाऱ्या श्रोत्याला आपण कौल देत आहोत याची निदान जाणीव होती. आज पुष्कळदा ती जाणीवही नसते.

म्हणून ‘फोनने माणसे एकलकोंडी झाली’ ही घरोघरी ऐकू येणारी तक्रार केवळ जुन्या पिढीची कुरकुर म्हणून सोडून देता येत नाही. तिचा रोख यंत्रावर असला तरी तिचे कारण दुसरे आहे. मत देण्याची साधने वाढली. मत बनवण्यासाठी एकत्र बसण्याच्या जागा मात्र त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. १९५६ च्या श्रोतृमंडळांना त्यासाठी एक खोली, एक संच आणि चर्चेची नोंद ठेवणारा एक चिटणीस एवढेच पुरले होते. गावोगावच्या वाचनालयांत, शाळांत आणि घरांतील जेवणाच्या पंगतीत अशी जागा आजही करता येण्याजोगी आहे. पुण्याच्या त्या प्रयोगात चर्चेला आरंभ होत असे तो संच बंद केल्यावर. फोनच्या बाबतीतही याहून वेगळे काही करावे लागेल असे दिसत नाही.