मूल तक्रार का करत नाही?

आजचा विषय आहे मुलांची नेत्रतपासणी. तत्त्वज्ञानाचा माणूस यावर काय बोलणार, असं वाटेल. पण विषय आमच्याच दारातून आत येतो.

१६८८ मध्ये विल्यम मोलिनो यांनी जॉन लॉकपुढे एक कोडं मांडलं. जन्मांध माणूस स्पर्शाने चेंडू आणि ठोकळा वेगळे ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं बघून तो ते ओळखेल का? पवन सिन्हा आणि सहकाऱ्यांनी भारतात शस्त्रक्रियेनंतर दृष्टी मिळालेल्या मुलांसोबत हे तपासलं. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: लगेच नाही, पण थोड्याच दिवसांत जमू लागतं. म्हणजे बघा, पाहणं हे नुसतं डोळ्याचं काम नाही. मेंदू ते शिकतो.

आणि शिकण्याला वय असतं. समजा, एका डोळ्याचा नंबर जास्त आहे किंवा तो तिरळा आहे. मेंदू त्याच्याकडून येणारं धूसर चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर भागवतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर दृष्टी बरीच सुधारते. पुढे ते अवघड होत जातं. उपचार म्हणजे काय, तर चष्मा, आणि लागल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी.

मग मूल सांगत का नाही? कारण त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघता येत नाही. जे दिसतं तेच त्याचं जग. तुलना कशाशी करणार? शिवाय दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा उणीव झाकतो. फळ्यावरचं चुकीचं उतरवलं की आपण म्हणतो, ‘लक्ष नाही!’

म्हणून एकेक डोळा झाकून तपासायचं. तक्ता सहा मीटरवर. अक्षरओळख नसली तरी अडत नाही: इंग्रजी ‘ई’ची तोंडं वेगवेगळ्या दिशांना केलेला तक्ता असतो, मुलाने फक्त बोटांनी दिशा दाखवायची. मात्र मुलं झाकलेल्या बोटांच्या फटीतून हळूच बघतात, तिकडे लक्ष हवं!

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत अशी तपासणी होते. पण चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर उपयोग काय? तपासणी शंका दाखवते. निदान नेत्रतज्ज्ञच करतात. तेव्हा चिठ्ठी आली की त्याच आठवड्यात जा. मूल तक्रार करेल म्हणून थांबू नका. ते करणार नाही.